वाचनाला वेळ लावताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या शिक्षकांसाठी

दुसरी-तिसरीच्या वर्गावर नव्याने रुजू झालात की थोड्याच दिवसांत हातात एक तक्ता पडतो. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे ‘मिनिटाला किती शब्द’. लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तेव्हापासून हे आकडे शिक्षण परिषदांमधून सतत कानावर येतात. दुसरीच्या मुलाने वयाला झेपेल असा, आधी न वाचलेला मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्दांच्या ओघाने समजून वाचावा, तिसरीच्या मुलाने किमान ६०. यातल्या ‘समजून’साठी बऱ्याच तक्त्यांत रकानाच नसतो.

आकड्याशी माझं भांडण नाही. मिनिटभराचं वाचन हे बिनखर्चाचं, झटपट आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारं साधन आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली, ती आपलं शिकवणं या मुलाला लागू पडतंय का हे शिक्षकाला वेळेत कळावं म्हणून. मुलांची क्रमवारी लावणं हा तिचा हेतू नव्हता. अडचण अशी की तो एक आकडा बरंच काही पोटात घेऊन येतो. मुलाचं वाचन त्यात असतंच, शिवाय घरची बोली असते, उताऱ्यातलं जग असतं, शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा गजर असतो, तुमचा कान असतो आणि मुलाची धडधड असते. त्यातलं वाचन तेवढं निवडून घ्यायचं, बाकीचं आकड्यात शिरू द्यायचं नाही. खाली दिलेला सगळा उपद्व्याप त्यासाठीच आहे.

आधी उतारा

आपल्या वर्गात किती तऱ्हेची घरं बसली आहेत, हे हजेरीपटावरून कळत नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून ऐका. घणसोली, दिवाळे, बाळकुम, चेंदणी कोळीवाडा इकडची आगरी-कोळी मुलं असतात. माथाडी कुटुंबांतली साताऱ्याकडची असतात. तुर्भे-दिघ्याच्या वस्त्यांमध्ये मराठवाड्यातून, कलबुर्गी-विजयपूरकडून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली असतात. येऊरच्या पाड्यांवरची वारली मुलं, मुंब्र्याकडून उर्दू माध्यम सोडून आलेलं एखादं मूल. चाळीस जणांच्या वर्गात पाच-सहा बोली सहज निघतात.

आता हातातला उतारा वाचा. ‘सुट्टीत आम्ही विमानाने काश्मीरला गेलो’ हा उतारा घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मुलाला सोपा, दगडखाणीजवळच्या मुलाला परका. उलटंही होतं. नारळी पौर्णिमेवरचा उतारा कोळीवाड्यातली मुलगी अर्ध्याहून जास्त अंदाजाने वाचून नेते, आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा ‘सोन्याचा नारळ’पाशी अडखळतो. भातलावणी, मोट, हुरडा हे शब्द शहरातल्या मुलांना अवघड. वाढदिवसाचा केक, मॉल, स्विमिंग पूल हे दुसऱ्या कुणाला. पूर्ण तटस्थ उतारा कुठेच मिळत नाही, तो शोधण्यात वेळ घालवू नका. तीन वेगवेगळ्या जगांतले तीन छोटे उतारे घ्या, तिन्हींचे आकडे काढा आणि मधला धरा. सरासरी काढू नका, एखादा उतारा फारच परका निघाला तर ती सगळा हिशेब खाली ओढते.

विषय सगळ्यांच्या ओळखीचे हवेत. नळाला पाणी न येणं, हरवलेली चप्पल, दुकानदाराने सुट्ट्या पैशांऐवजी दिलेली गोळी, जिन्याखाली व्यालेली मांजर, पावसात थांबलेली लोकल. आणि नावं सोपी ठेवा. ‘मृण्मयी’ किंवा ‘ऋत्विज’ उताऱ्यात पाच वेळा आलं की मूल पाच वेळा ठेचकाळतं आणि आपण त्याच्या पाच चुका मोजतो, तेही ज्या शब्दाशी वाचनाच्या ओघाचा काहीही संबंध नाही त्याच्यासाठी. रवी, सना, मीना, जॉन पुरेत. नाव चुकलंच तर ती चूक एकदाच धरा.

लांबीचं म्हणाल तर दुसरीला ७०-८० शब्द, तिसरीला शंभराच्या आसपास, म्हणजे जोरकस वाचणाऱ्या मुलालाही मिनिटाच्या आत उतारा अपुरा पडणार नाही. तुमच्या प्रतीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथपर्यंतची शब्दसंख्या लिहून ठेवा. मुलाच्या प्रतीवर आकडे नकोत. अक्षर मोठं, ओळी सुट्या.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. मिनिटाला किती शब्द, हा हिशेब सगळ्या भाषांना सारखा लागू पडत नाही. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत दोन शब्द. हेच हिंदीत ‘घर के सामने वाले पेड़ के नीचे’, म्हणजे सात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपला एक शब्द वाचायला वेळ जास्त लागतो. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला, तेव्हा २० भाषांसाठी वाचनाचे मापदंड भाषेगणिक वेगळे ठरवले, ते उगाच नाही. महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी आणि हिंदी माध्यमाचे वर्ग भरतात, तिथे ‘त्यांची मुलं ५५ वाचतात, तुमची ४२ का?’ असा प्रश्न कुणी टाकला तर हे उदाहरण फळ्यावर लिहून दाखवा. तसंच, अमराठी शाळांमध्येही मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने बंधनकारक झालंय. तिथे मराठी दुसरी-तिसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलाला पहिल्या भाषेची फूटपट्टी लावू नका.

तीन उताऱ्यांत शब्दसंख्या सारखी असली तरी जोडाक्षरांचं ओझं सारखं आहे का, ते बोट ठेवून मोजा. ‘मांजर’ आणि ‘स्वच्छतागृह’ दोन्ही एकेक शब्दच.

वेळ, जागा आणि तुमची दमछाक

एका मुलाला तीन उतारे आणि दोन-तीन प्रश्न म्हटलं की पाच मिनिटं जातातच. ३५ मुलं म्हणजे जवळपास तीन तास. हे एका दिवसात उरकायला गेलात तर शेवटच्या दहा मुलांचं वाचन तुम्ही ऐकणारच नाही, फक्त टिका मारत जाल. रोज पाच मुलं घ्या, शाळेच्या सात दिवसांत वर्ग संपतो. बाकीच्यांना तेवढा वेळ चित्र किंवा शुद्धलेखन द्या.

जागा म्हणजे वर्गाचा मागचा कोपरा नव्हे. मागे बसलेली मुलं कान टवकारून ऐकतात आणि चुकलं की फिदीफिदी करतात. व्हरांड्याचं टोक किंवा ग्रंथालयाची खोली बघा. दुपारच्या सत्राची शाळा असेल तर शेवटच्या तासाला मोजणी नको. जूनच्या मध्यात शाळा उघडल्यावर पहिले दोन आठवडेही नकोत, कारण सुट्टीत गावाला गेलेली बरीच मुलं परतलेली नसतात आणि परतलेल्यांचं वाचन गंजलेलं असतं.

सुरुवातीला काय बोलायचं

घड्याळ लावण्याआधी एक उतारा बिनघड्याळाचा घ्या. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून मुलांचं वाचन तपासतात, ते घड्याळाशिवाय. दोन परिच्छेदांपैकी कुठला वाचायचा, हे मूलच ठरवतं. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. दोन कागद पुढे ठेवा, ‘कुठला वाचतोस?’ विचारा. स्वतः निवडलेला कागद हातात घेताना मुलाचा खांदा जरा सैल होतो.

मग मोजणीचा उतारा. इथे तुमच्या तोंडातलं एकेक वाक्य मोलाचं आहे. ‘जोरात वाच’ अजिबात म्हणू नका. अर्ध्या मुलांना ते ‘मोठ्याने’ असं कळतं, अर्ध्यांना ‘भरभर’ असं, आणि मग पहिल्याच ओळीपासून तुलना बिघडते. असं म्हणा: ‘मला ऐकू येईल असं वाच. नेहमी वाचतेस तसंच. शेवटी मी गोष्टीतलं विचारणार आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ते ऐकलं की मूल अर्थाकडे लक्ष ठेवतं. जिला हिंदीत सांगितलेलं जास्त कळतं तिला हिंदीत सांगा. सूचना कळली की नाही याची ही परीक्षा नाही.

फोनचं घड्याळ लावा, पण स्क्रीन खाली करून फोन मांडीवर ठेवा, साठ सेकंदांनी नुसता थरथरेल असा. पळणारे आकडे दिसले की मूल कागदाऐवजी तिकडे बघतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भीती आणि चिंतेपासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी लिहिलेली आहे. ती पाळायला मोठी योजना लागत नाही, फोन उलटा ठेवला तरी बरंच साधतं.

कान कसा ठेवायचा

सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो आणि तो करणाऱ्याला कळतही नाही, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा उताऱ्यात असं आहे:

‘रविवारी सकाळी नळाला पाणी आलं नाही. आईने कळशी घेतली आणि खालच्या मजल्यावर गेली.’

आगरी घरातला मुलगा वाचतो: ‘रविवारी सकाली नलाला पानी आलं नाही. आईने कलशी घेतली आनि खालच्या मजल्यावर गेली.’

शब्द तेरा. कडक कानाचा शिक्षक पाच चुका धरतो: सकाली, नलाला, पानी, कलशी, आनि. हिशेबात उरले आठ. आता सांगा, या मुलाने काय चुकवलं? प्रत्येक शब्द त्याने ओळखला, प्रत्येकाचा अर्थ त्याला लागला, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं ‘ळ’ आणि ‘ण’ तोंडातून घरच्या वाटेने बाहेर आलं. आगरीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’, कधी ‘ड’चा ‘र’ होतो आणि ‘गाडी’ची ‘गारी’. हिंदी घरातलं मूलही ‘ळ’पाशी ‘ल’च म्हणतं, आणि ‘चमचा’तला ‘च’ ‘चंद्रा’तल्या ‘च’सारखा म्हणतं, कारण लिपीत दोन्ही ‘च’ एकच दिसतात. अमेरिकेत शाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘डिबेल्स’ या वाचनचाचणीच्या नियमांतही बोलीमुळे किंवा दुसऱ्या भाषेच्या वळणामुळे बदललेला उच्चार चूक धरत नाहीत. आपण का धरावा?

याच उताऱ्यात दुसरी मुलगी ‘आईने कळशी घातली’ वाचते, आणि ‘मजल्यावर’च्या जागी ‘मजुरावर’. उच्चार अगदी शुद्ध, पण या दोन्ही खऱ्या चुका. एकीत मात्रेच्या जागी काना वाचला, दुसरीत अक्षर न बघता अंदाज मारला. कडक कान हिला दोन चुका देईल आणि आधीच्या मुलाला पाच. म्हणजे जो नीट वाचतो तो मागे आणि जी अंदाजाने वाचते ती पुढे.

शंका आली, की हा बोलीचा उच्चार आहे की अक्षरच ओळखता येत नाही, तर तपासायला अर्धं मिनिट लागतं. उतारा संपल्यावर पाण्याची बाटली दाखवून ‘हे काय?’ विचारा. बोलतानाही ‘पानी’ म्हणाला तर प्रश्न मिटला. मग ‘ण’ आणि ‘न’ ही दोन अक्षरं कागदावर लिहून ‘बाण’मधलं कुठलं ते दाखवायला सांगा. बरोबर दाखवलं तर त्याचं वाचन ठणठणीत आहे. नाही दाखवता आलं तर ते टिपून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात शिकवा, पण ही मोजणी त्यावरून कापू नका. प्रमाण उच्चार शिकवायचे ते कवितेच्या तासाला. मोजणी चालू असताना मध्येच ‘पानी नाही, पाणी म्हण’ असं टोकलं तर मूल पुढचा प्रत्येक शब्द तुमच्या तोंडाकडे बघून वाचतं. (आपण स्वतः ‘पाऊस’ म्हणतो की ‘पौस’, तेही एकदा रेकॉर्ड करून ऐकावं. बऱ्याच जणांची जीभ वर्षानुवर्षं सवलतीत चाललेली असते.)

बाकी चुकांचे नियम थोडक्यात. शब्द गाळला, बदलला, मात्रेने अर्थ फिरवला: चूक. स्वतःहून मागे येऊन दुरुस्त केला: बरोबर. तोच शब्द पुन्हा म्हटला: चूक नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलाचा पहिला अक्षरभर अडथळा: चूक नाही. उर्दू लिपीतून आलेल्या मुलाच्या डोळ्यांना उजवीकडून सुरुवात करायची सवय असते. त्याला ओळीखाली बोट किंवा पट्टी धरू द्या.

एकदा शेजारच्या वर्गावरच्या बाईंना किंवा सरांना सोबत बसवा. एकाच मुलाचं वाचन दोघांनी ऐकायचं, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर चुका टिपायच्या, मग कागद शेजारी ठेवायचे. जिथे फरक पडतो ते शब्द बहुतेक बोलीचेच निघतात. त्यावर दोघांचं एकमत करून घ्या आणि वर्षभर तेच पाळा.

ते एक मिनिट

फोन थरथरला की ‘थांब’ म्हणू नका. जिथे मूल आहे तिथे तुमच्या प्रतीवर तिरकी रेघ मारा आणि त्याला गोष्ट संपवू द्या. मिनिटाचा आकडा रेघेपर्यंतचा, समजेची परीक्षा पूर्ण उताऱ्यावर. शब्दाच्या मध्येच तोडलं की मुलाला वाटतं आपण हरलो, आणि पुढच्या वेळी ते धावायला लागतं. अशी पळायची सवय लागलेली मुलं ओळखू येतात. पूर्णविराम म्हणजे फास्ट लोकलने गाळायची स्टेशनं, असं वाचतात. शब्द ७०, आणि गोष्टीत मांजर होती की कुत्रा, विचारलं तर छताकडे बघतात. असा आकडा तक्त्यात छान दिसतो. मी त्याच्या शेजारी ‘अर्थ नाही’ असं लिहायला सांगतो.

मूल एखाद्या शब्दापाशी अडलं तर किती थांबायचं? बऱ्याच चाचण्यांत तीन सेकंद थांबून शब्द सांगतात आणि चूक धरतात. तुमच्या नियमपत्रकात तीन सेकंद असतील तर तीनच पाळा, सगळ्यांना सारखे. एखाद्याची दया आली म्हणून त्याला आठ सेकंद दिले तर पुढच्या महिन्याशी तुलना करताना तुमचीच फसगत होईल. न्याय करायचा तो नंतर. उतारा संपल्यावर अडलेल्या शब्दांवर परत या आणि घड्याळाशिवाय वाचायला सांगा. ‘स्वच्छ’ हा शब्द मगाशी सुटला होता, आता सावकाश ‘स्व... च्छ’ असा जमला, तर या मुलाला जोडाक्षर येतं, सराव कमी आहे. आताही नाही जमला तर जोडाक्षर शिकवायचंय. दोन्ही मुलांचा आकडा ३८ असू शकतो, उपाय मात्र अगदी वेगळे.

काही मुलांना घड्याळ लावूच नका. ज्यांच्याबाबतीत अध्ययन अक्षमतेची शंका आहे, जी तोतरं बोलतात, ज्यांना चष्मा हवाय पण मिळालेला नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पुढे बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो. मग दुसरीतच त्यांच्या मागे घड्याळ लावायची घाई का?

समजलं का, ते विचारणं

तीन प्रश्न पुरे. एकाचं उत्तर थेट उताऱ्यात, एकाचं दोन वाक्यं जोडून, एक ‘का असेल?’ असा. उतारा न वाचता उत्तर देता येईल असे प्रश्न काढू नका. ‘पावसात आपण काय घेतो?’ याला छत्री म्हणायला वाचावं लागत नाही. उत्तर कुठल्याही बोलीत, हिंदीत, हातवाऱ्यांसकट चालेल. ‘आई खाली गेली पानी आनाया’ हे पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

हिशेब आणि पुढचं

मिनिटाला रेघ मारली असेल तर रेघेपर्यंतचे बरोबर शब्द हाच आकडा. पूर्ण उताऱ्याचा वेळ मोजला असेल तर सूत्र साधं: बरोबर वाचलेले शब्द गुणिले ६०, भागिले लागलेले सेकंद. ६० शब्दांचा उतारा ७५ सेकंदांत, खऱ्या चुका ५, तर ५५ गुणिले ६० भागिले ७५, म्हणजे ४४. आणि बोलीचा फरक किती पडतो ते एकदा आकड्यात बघा: मिनिटात ४७ शब्द, कडक कानाने ६ चुका, आले ४१. त्यातल्या चार बोलीच्या, तर खऱ्या दोनच, आले ४५. दुसरीचं मूल मापदंडाच्या अलीकडून पलीकडे गेलं आणि त्याने वेगळं काहीच केलेलं नाही.

आकड्याशेजारी तीन छोट्या नोंदी ठेवा: समजलं की नाही, विरामचिन्हं पाळली की नाही, घरची भाषा कोणती. यादी वर्गाच्या भिंतीवर लावू नका. पालकसभेत एकेकाला बाजूला घेऊन सांगा, आणि आकडा सांगण्याऐवजी मुलाला तिथेच चार ओळी वाचायला द्या. ‘शेजारच्या पोरीचे ६०, माझ्याचे ४४ का?’ असं विचारलंच तर त्याचा जुलैचा कागद काढून दाखवा, तेव्हा २९ होते म्हणून. तुलना करायची ती त्याची त्याच्याशी.

पुढची फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि शेवटची मार्चमध्ये ठेवतात. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, भिवंडी-शहापूर-मुरबाडकडे शिकवत असाल तर एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांच्या नावापुढे शून्य लिहू नका, ‘स्थलांतर’ लिहा, आणि परत आल्यावर पंधरा दिवस वाचन करून घेऊन मगच मोजा. तक्त्याची तारीख तोवर उलटून गेलेली असेल. पुरवणी यादी येणार आहे, हे केंद्रप्रमुखांना (परिसरातल्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) नोव्हेंबरातच सांगून ठेवा.